रेग्युलेटरला अर्थ नाही

जालन्यात भुजंग मिस्त्रीला 'चाळणी' हे नाव मी ठेवलं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढच्या हकिगतीत माझा मोठेपणा शोधत बसायची कुणाला तसदी नको. बॅटरीतलं तेजाब उडून त्याच्या धोतराला, सदऱ्याला, डोक्यावरच्या टोपीलासुद्धा बारीक भोकं पडलेली असत. त्याची बायको द्वारकाबाई ती शिवायची, आणि शिवलेल्याच्या शेजारी नवी पडायची. एकदा मोटार स्टँडवर मी म्हणालो, "मिस्त्री, तुमच्या सदऱ्यातून पीठ चाळून घ्यावं म्हणतो." सगळे ड्रायव्हर हसले. तोही हसला. त्या दिवसापासून तो चाळणी मिस्त्री झाला, आणि बद्रीनाथ ड्रायव्हर फार हजरजबाबी आहे असं माझं नाव झालं.

तो मूळचा वडीगोद्रीचा. तरुणपणी हैदराबादला गेला आणि निजामाच्या फौजेच्या मोटारखान्यात सतरा वर्षं नुसत्या वायरी जोडत राहिला. पोलीस अ‍ॅक्शन झाली, मोटारखाना बंद पडला, तेव्हा पत्र्याची एक पेटी डोक्यावर घेऊन तो परत आला आणि नवीन जालन्यात स्टेशनच्या रस्त्याला एका कडुलिंबाखाली बसला. इंजिनाला तो हात लावत नसे. "ते दुसऱ्याकडं न्या, मला त्यातलं कळत न्हाई," असं तोंडावर सांगायचा. धंदा करणाऱ्या माणसानं असं बोलायचं नसतं, पण त्याला धंदा कधी जमलाच नाही.

त्याची काम करायची तऱ्हा बघून आम्हाला जांभया यायच्या. गाडी समोर आली की तो दोन्ही हात पाठीमागं बांधून उभा राहायचा आणि म्हणायचा, "बोला." मग आपण सांगायचं, कधी बिघडली, काय काय केलं, दिवे मंद झाले की एकदम गेले. बॅटरी मेली असं म्हटलं की त्याला राग यायचा. "बॅटरी आपोआप मरत न्हाई, तिला मारतात. एक तं उपाशी ठेवून मारतात, न्हाई तं खाऊ घालून घालून मारतात. कोनी मारलं ते पाहावं लागतं."

मीटर वगैरे त्याच्याकडं नव्हतं. मोटारीच्या मोठ्या दिव्याचा एक बल्ब होता, त्याला दोन हातभर वायरी जोडलेल्या. तो बल्ब तो इथं लावून बघायचा, तिथं लावून बघायचा आणि कुठं वीज पोचते, कुठं अडते ते सांगायचा. त्याचं निदान चुकलेलं मी पाहिलं नाही. हे मी तेव्हा कबूल केलं नसतं.

मी त्या वेळी झुंबरलाल शेठजींच्या मोटारीवर ड्रायव्हर होतो. शेठजींचं सरकी काढायचं जिन होतं आणि एक काळी विलायती मोटार होती. त्रेपन्न सालचा दसरा जवळ आला तशी शेठाणी, तारादेवी, मला म्हणाल्या, "बद्री, पूजेला गाडी वरून चमकते, पण झाकण उघडलं की आत नुसती काजळी. लक्ष्मी आतमदीबी बसते न?" मला तेवढंच हवं होतं. जिनाच्या फाटकाला लावून उरलेला हिरवा तेलरंग पडला होता. मी इंजिनापुढचा सगळा पत्रा घासला, त्यावर बसवलेली काळी डबी स्क्रू काढून बाजूला केली, तिच्याखाली दोन हात भरपूर रंग दिला आणि वाळल्यावर डबी परत जागच्या जागी कसली. दसऱ्याला शेठजींनी झाकण उघडलं आणि आत हिरवंगार पाहून दहा माणसांसमोर माझ्या खांद्यावर जरीचा रुमाल टाकला. "बद्रीनं गाडी नवी केली," म्हणाले.

ती काळी डबी म्हणजे रेग्युलेटर. डायनमो वीज करतो, बॅटरी ती साठवते, आणि मधे ही डबी बसून बॅटरीला भूक असेल तेवढंच वाढते. पोट भरलं की हात आखडते.

दसरा झाला आणि तिसऱ्या दिवशी गाडी बंद पडली. बॅटरी भरून आणली, दोन दिवसांनी परत रिकामी. वीज बॅटरीत जाते की बॅटरीतून निघते हे दाखवणारं एक घड्याळ गाडीत समोर असतं, त्यातला काटा गाडी चालू असतानाही उण्याकडंच पडलेला. औरंगाबादच्या एका गॅरेजात गाडी महिनाभर ठेवली. त्यांनी डायनमोला नवी तार भरली, नवा पट्टा घातला आणि गाडी परत पाठवली. चिकलठाण्याच्या पुढं येईपर्यंत काटा होता तिथंच. शेठजी पेटले. ऐन कपाशीचा हंगाम, गावोगाव जायचं, आणि मोटारीला बैल जुंपून आणायची पाळी. गादीवर सगळ्यांसमोर ते म्हणाले, "जो कोनी ही बिमारी धरेल, त्याला मी जिनात मोटारींचा मिस्त्री करीन. ट्रक येऊन राह्यलेत दोन. राहायला खोली देईन."

ही गोष्ट कडुलिंबाखाली पोचायला किती वेळ लागणार? भुजंग त्या वेळी स्टेशनामागं एका गोदामाच्या पडवीत राहत होता. पाऊस आला की द्वारकाबाई बाजलं उभं करून त्याच्या आडोशाला बसायची. जिनातली खोली म्हणजे चार भिंती, दार आणि दाराला कडी. मी गाडी घेऊन गेलो तेव्हा त्यानं टोपी नीट केली आणि हात पाठीमागं बांधले. "बोल, बद्री."

मी सगळं सांगितलं. रंगाचं सांगितलं नाही, कारण रंगाचा आणि विजेचा काही संबंध असेल हे माझ्या डोक्यातही नव्हतं. एवढं एक मी प्रामाणिकपणे म्हणू शकतो.

त्यानं पट्टा अंगठ्यानं दाबून पाहिला. डायनमोच्या दोन्ही वायरी सोडल्या, दोन्ही खुंट्या एका तारेनं एकत्र बांधल्या आणि बल्बचं एक टोक तिथं, दुसरं इंजिनाच्या अंगाला लावलं. मला म्हणाला, "दे थोडी रेस. थोडीच." बल्ब पांढरा फटक पेटला. "डायनमो बिलकुल चांगलाय. औरंगाबादच्यांनी उगाच त्याचं पोट फाडलं." मग वायरी परत जोडून तो डबीकडं आला. टोपण काढून आतले काटे न्याहाळत राहिला, बोट लावून बघितलं, कान जवळ नेला. शेवटी पेटीतून एक वायर काढली, तिचं एक टोक डबीच्या एका खुंटीला लावलं आणि दुसरं थेट बॅटरीच्या त्या बाजूला, जी गाडीच्या अंगाला जोडलेली असते. डबीत टक असा आवाज झाला. काटा उण्याकडून उठला आणि अधिककडं गेला. त्यानं वायर काढली, काटा पडला. परत लावली, परत उठला.

महिनाभर अख्खं गॅरेज जे शोधत होतं ते त्याला अर्ध्या तासात सापडलं. खरं सांगतो, त्या माणसाचा मला राग आला.

"रेगुलेटरला अर्थ न्हाई," तो म्हणाला.

मोटारीचं अंग, तिचा पत्रा, हीच विजेची परतीची वाट असते. त्या जोडाला आम्ही सगळे अर्थ म्हणतो. इंग्रजी शब्द आहे, आम्ही तो आपल्या तोंडात बसेल तसा बोलतो. डबीतून निघालेली एक छोटी वायर डबीच्याच स्क्रूखाली गाडीच्या पत्र्याला टेकलेली असते. ती टेकली नाही की डबी आंधळी. भुजंगनं नखानं स्क्रूशेजारचा रंग खरवडला आणि हिरवं नख माझ्यासमोर धरलं.

"हा रंग कोनी देल्ला? तेलरंगातून वीज जात न्हाई, बाप्पा."

जरीचा रुमाल अजून माझ्या खुंटीवर होता. ज्या रंगापायी शेठजींनी मला रुमाल दिला त्याच रंगानं हंगाम बुडवला, हे कळलं असतं तर त्यांनी मला जिनाच्या फाटकाबाहेरसुद्धा उभं राहू दिलं नसतं. मी त्याचे पाय धरले. अक्षरशः धरले. "भुजंगराव, रंगाचं नाव घेऊ नका. मला कामावरून काढतील."

"ऊठ, ऊठ. रंगाचं कामून सांगू मी? वायर सैल होती म्हनीन. मंग तं झालं?"

"मग आत्ताच खरवडून टाका न."

तेवढं मात्र त्यानं ऐकलं नाही. आयुष्यात एकदा त्याला धंदा सुचला, तोही भलत्या वेळी. "दोन मिनिटांचं काम हाये, बद्री. इथं करून देल्लं तं शेठ म्हनतील, काहीच नव्हतं. उद्या सकाळी जिनात येतो, शेठजीसमोर बल्ब लावून दाखवतो, मंग ठीक करतो. तू आज एवढंच सांग, रेगुलेटरला अर्थ न्हाई, भुजंगला सापडलं. अन् तवर गाडी हालवू नका म्हनाव."

मी गेलो. शेठजी गादीवर लोडाला टेकून कापसाचे नमुने बोटानं ओढून बघत होते. "काय म्हनला तो चाळणी?"

"म्हणाला, रेग्युलेटरला अर्थ नाही."

शेठजींनी मांडीवर थाप मारली. "घ्या! मी तं पहिल्यापासून म्हनून राह्यलो, त्या डबीला काई अर्थ न्हाई! विलायती लोकांची थेरं. डायनमो वीज करतो, बॅटरी भरतो, मधी हा दलाल कशाला? कचरूला बोलवा. काढून फेका ती डबी."

आता तोंड उघडायची वेळ होती. शेठजी, अर्थ म्हणजे तो अर्थ नव्हे, एवढंच म्हणायचं होतं. पण मग त्यांनी विचारलं असतं, मग कुठला? मग मला जोड सांगावा लागला असता, स्क्रू सांगावा लागला असता आणि स्क्रूखाली रंग होता. मी मान डोलावली. गाडी हालवू नका हा निरोपही गिळून टाकला.

कचरू जिनाच्या तेलाच्या इंजिनाचा फिटर. सांगितलेलं काम मन लावून करणारा माणूस. त्यानं डबी काढून कोपऱ्यात ठेवली, डायनमोची वायर थेट बॅटरीला जोडली आणि मधे जिनातला एक मोठा खटका बसवला. गाडी चालू केली की खटका पाडायचा, बंद करायच्या आधी उचलायचा. काटा अधिककडं जाऊन पार कडेला चिकटला. शेठजी खूश. दिवे लावले तर भर संध्याकाळी वरातीसारखा उजेड. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत आम्ही भोकरदनला निघालो. भुजंग धुतलेला सदरा घालून जिनात आला तेव्हा फाटकात फक्त चाकांच्या खुणा होत्या.

भोकरदनच्या आजूबाजूची गावं आम्ही तीन दिवस पालथी घातली. पहिल्या दिवशी दोन्ही मोठे दिवे उडाले. दुसऱ्या दिवशी गाडीत सडक्या अंड्यांचा वास सुटला, शेठजींनी माझ्याकडं संशयानं पाहिलं. तिसऱ्या दिवशी झाकण उघडलं तर बॅटरी चुलीवरच्या भांड्यासारखी उकळत होती. मला ठाऊक होतं हे काय चाललंय. खाऊ घालून घालून मारणं म्हणजे काय ते मी भुजंगकडूनच ऐकलं होतं. मी तिच्यात पाणी ओतत राहिलो आणि गाडी हाकत राहिलो.

जिनात परत आलो ते दुपारी. गाडी बंद केली तर पुन्हा चालू होईल याचा भरवसा नव्हता म्हणून इंजिन चालूच ठेवलं. शेठजींनी भुजंगला बोलावणं धाडलं. तो जवळजवळ पळतच आला, हातात तो बल्ब. त्याला वाटलं, दाखवायला बोलावलंय.

"काय रे चाळणी? तुझ्या अकलेनं चाललो अन् बॅटरी जळाली! तूच म्हनलास न, रेगुलेटरला अर्थ न्हाई? काढून फेकला मी!"

भुजंगनं झाकणाखाली पाहिलं. डबीची जागा रिकामी, चार भोकं, कचरूची जाड वायर. मग त्यानं माझ्याकडं पाहिलं. त्याला सगळं कळलं. त्या नजरेत राग असता तर मला सोपं गेलं असतं.

"शेठजी," तो बॅटरीवर वाकून म्हणाला, "कोनीबी हात लावू नका. ग्यास साठलाय. एक ठिणगी पडली तं फुटंल. आधी तो खटका उचला. अन् शेठजी, अर्थ म्हंजे तो अर्थ न्हाई. अर्थ म्हंजे..."

"भाषण नको! बद्री, काढ ती वायर!"

शेठजींनी खटक्याची वायर म्हटलं की बॅटरीची, ते मला आजही माहीत नाही. माझ्या हातात पाना होता. खटका दोन हातांवर होता. मी बॅटरीचा जोड ढिला केला आणि ओढला. हुकूम मिळाला म्हणून ओढला की तो पुढचा शब्द बोलू नये म्हणून ओढला, हे मी सात वर्षं स्वतःला विचारतोय. उत्तर मला माहीत आहे, म्हणून विचारत राहतो.

ठिणगी मी पाहिली. आवाज मोठ्या फटाक्याएवढाच झाला. बॅटरीचं अर्धं झाकण उडून पत्र्याच्या छपरावर पडलं आणि आतलं सगळं उकळतं तेजाब भुजंगच्या तोंडावर गेलं. तो खाली बसला आणि दोन्ही हातांनी डोळे चोळू लागला. चोळू नये हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? पण चोळत राहिला. कचरूनं हौदातून घागरीमागून घागरी त्याच्या तोंडावर ओतल्या. शेठजी गाडीभोवती फिरत होते. "रंग बघा," ते म्हणत होते, "सगळा रंग गेला."

सरकारी दवाखान्यात तो दीड महिना होता. दोन्ही बुबुळांवर दुधावरच्या सायीसारखा पडदा आला आणि राहिला. शेठजींनी एकदा मोसंबी पाठवली. पोचवायला मला सांगितलं. मी ती दवाखान्याच्या पायरीवर बसलेल्या एका म्हातारीला दिली आणि परत आलो.

इकडं गाडीचं झालं ते ऐका. तेजाबानं इंजिनापुढचा रंग फुगला होता. मी धुण्याच्या सोड्याचं पाणी करून काथ्यानं घासलं, तर हिरवे पापुद्रे सोलून आले आणि खालचा पत्रा नागडा चकचकीत झाला. शेठजींनी नवी बॅटरी आणली. कचरूच्या दलालाविना कारभाराला ते घाबरले होते, म्हणून मी जुनीच डबी परत त्या पत्र्यावर कसली. इंजिन चालू केलं. टक असा आवाज झाला. काटा अधिककडं गेला, थोडा थांबला आणि शहाण्यासारखा मधे येऊन बसला. शेठजींनी पुन्हा दहा माणसं बोलावली. "औरंगाबादला जमलं न्हाई, त्या चाळणीला जमलं न्हाई. आमच्या बद्रीनं केलं!" दोन ट्रक आले तेव्हा जिनातल्या मोटारींचा मिस्त्री मी झालो. खोलीही मला मिळाली. दाराला कडी आहे, भिंती कोरड्या आहेत, आणि मला तिथं झोप येत नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. झोप येते.

शेठजींना मात्र सांगायला एक गोष्ट मिळाली. पाहुणे आले की ते सांगायचे, "आमच्या जालन्यात एक मिस्त्री होता, म्हने रेगुलेटरला अर्थ न्हाई!" पाहुणे हसायचे. मीही तिथं उभा असलो तर हसायचो.

त्यानंतरच्या चैत्रात मी एकदा ट्रक घेऊन स्टेशनच्या रस्त्यानं चाललो होतो. कडुलिंबाखाली भुजंग बसलेला दिसला. एक टांगेवाला आपल्या भावाची मोटार घेऊन आला होता. द्वारकाबाई भुजंगचा हात धरून वायरीची टोकं जागेवर लावून देत होती, आणि भुजंगनं तो बल्ब आपल्या गालाला लावला होता. काच किती तापते यावरून तो वीज ओळखत होता. गालावर भाजल्याचे डाग होते. मी ट्रक थांबवून उतरलो होतो. तसाच निघून जाणार होतो, पण मला खोकला आला आणि त्यानं मान वळवली.

"कोन? बद्री का? तुझी खोकल्याची ढब वळखली."

"हां, भुजंगराव."

"अरे, किती दिवसांनी! शेठची गाडी कशी हाये? अर्थ लागला का?"

"लागला."

"कोनी खरडला?"

तो स्वतःच म्हणाला, "तूच खरडला असशील. बरं केलं. रंगाचं मी कोनाजवळ बोललो न्हाई, हिच्याजवळबी न्हाई." मग आवाज खाली आणून त्यानं विचारलं, "अन् शेठला सांगितलंस न, अर्थ म्हंजे काय ते? मला त्याचंच लागून राह्यलंय. डोळ्याचं जाऊ दे. पन शेठला वाटलं असंल, भुजंगला कळलंच न्हाई."

"सांगितलं," मी म्हणालो.

त्याचा चेहरा उजळला. मी आजवर कुणाला इतकं सुखी केलेलं नाही. "मंग बराबर हाये. स्टँडवरचे पोरं सांगत होते, शेठजी माझं इचारत होते म्हनून. जिनातल्या जागेचं."

ड्रायव्हर लोक दर आठवड्याला त्याची ही थट्टा करत. त्यांना ती मी शिकवली नव्हती. पण त्यांना ती माझ्यासमोर करायला भीती वाटत नव्हती.

"डोळ्याबिगर बी काम करतो मी, बद्री. तू पाहिलंस आत्ता. शेठला सांग तेवढं. मंग बोलावनं कधी येईल म्हनतोस?"

"येईल," मी म्हणालो. "हंगाम सुरू होऊ द्या."

तो द्वारकाबाईला म्हणाला, "ऐकलं का? तो सदरा धुऊन ठेव." माझ्या कमरेला जिनातल्या मोटारखान्याच्या किल्ल्यांचा जुडगा होता. तो वाजू नये म्हणून मी मुठीत घट्ट धरून उभा होतो, आणि द्वारकाबाई त्या मुठीकडं बघत होती.